यंत्राचं वय कोण ठरवतं?

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीसाठी मिरजेला आमच्याकडे आला होता. अकरावीची परीक्षा दिलेला मुलगा. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या संगणकावर एक नवा गेम उतरवून घ्यायला लावला. फायलींचं वजन शंभर जीबीच्या पुढे, त्यामुळे त्यातच रात्र गेली. सकाळी गेम सुरू केला तेव्हा पहिलं चित्र दिसायला चार मिनिटं लागली, आणि दिसलं तेही असं, की खेळातला माणूस आधी वळायचा आणि त्याच्यासमोरचं दार नंतर वळायचं. भाच्याने दहा मिनिटं दम धरला. मग म्हणाला, "मामा, तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय."

मला ते जरा लागलं. हा संगणक मी २०१४ साली सुटे भाग आणून जुळवून घेतला. चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि २ जीबी मेमरीचं, त्या वेळी मधल्या फळीतलं म्हणता येईल असं ग्राफिक्स कार्ड. डीटीपीचं दुकान मी कधीच बंद केलं, पण ओळखीच्यांच्या पुस्तकांची पानं अजून लावून देतो. आदल्याच दिवशी अडीचशे पानांचं एक पुस्तक याच यंत्रावर छपाईसाठी तयार केलं होतं, आणि त्याला २०१४ साली जेवढा वेळ लागला असता तेवढाच लागला. मग म्हातारं नेमकं काय झालं होतं?

प्रश्न निव्वळ कुतूहलाचाही नव्हता. भाच्याच्या घरी संगणक नाही. त्याचे चार मित्र रोज रात्री ज्या खेळात भेटतात, तिथे हा नसतो. त्याला नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं आणि त्याची किंमत माझ्या बहिणीच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. एवढे पैसे घालायचे तर ते कशासाठी, हे आधी समजून घ्यावं असं मी ठरवलं. संगणकशास्त्र मी कुठे शिकलेलो नाही. जे कळतं ते दुकान चालवताना आणि पुढे हौसेने वाचून. गेले पाच महिने त्यातच गेले.

आधी खेळाचं साधं गणित. पडद्यावर जे हलतं ते सिनेमासारखंच एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांचं असतं. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. फरक इतकाच की सिनेमाची चित्रं आधी काढून ठेवलेली असतात आणि खेळाची चित्रं तुम्ही बोट हलवल्यावर, त्या क्षणी काढावी लागतात. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे १२ कोटी ४४ लाख पिक्सेलांचे रंग ठरवायचे. ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग याच कामासाठी असतो.

पण हे गणित २०१४ सालीही एवढंच होतं. पडदा तोच, पिक्सेल तेवढेच, आणि त्या वर्षीचे खेळ या यंत्रावर झकास चालत. वाढलं आहे ते एकेका पिक्सेलमागचं काम. आणि ते काम कुठे करायचं, कधी करायचं आणि कोणाच्या यंत्रावर करायचं, यातच या सगळ्या प्रकरणाची मेख आहे, असं मला वाटू लागलं आहे.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याला ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी पुरे होती. एमबी, जीबी नव्हे. चित्र ३२० बाय २०० पिक्सेलांचं, म्हणजे अवघे ६४,००० ठिपके. आजच्या पडद्याच्या बत्तिसाव्या भागाएवढे. तरीही अशा यंत्रावर, खोल्याखोल्यांतून पळताना क्षणोक्षणी बदलणारं चित्र काढणं ही अशक्य वाटावी अशी गोष्ट होती. कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे, हे प्रत्येक फ्रेमला नव्याने शोधायचं म्हटलं तर ३८६ चा जीव तिथेच गेला असता.

जॉन कारमॅक या प्रोग्रॅमरने ते काम यंत्रावर टाकलंच नाही. नकाशा तयार झाला की त्याचे एका रेषेने दोन भाग करायचे, त्या भागांचे पुन्हा दोन, असं करत एक झाड तयार करून ठेवायचं. मग खेळणारा कुठेही उभा असो, त्या झाडावरून उतरत गेलं की जवळची भिंत आधी आणि लांबची नंतर, असा क्रम आपोआप मिळतो. ही कल्पना कारमॅकची नव्हे. १९८० साली फुक्स, केडेम आणि नेलर या तिघांनी ती एका शोधनिबंधात मांडली होती. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'आधीपासून' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. डूमच्या नकाशांची ही झाडं कंपनीच्या कचेरीतल्या महागड्या नेक्स्ट संगणकांवर तयार होत. ग्राहकाच्या घरी फ्लॉपीवरून पोचायचं ते तयार झाड.

तीन वर्षांनी आलेल्या 'क्वेक'मध्ये त्यांनी हेच उजेडाच्या बाबतीत केलं. कोणत्या दिव्याचा प्रकाश कोणत्या भिंतीवर किती पडतो, सावली कुठे पडते, हा हिशेब अतिशय जड असतो. तो कंपनीतच करून घेतला आणि भिंतींवर चिकटवून पाठवला. गेमच्या धंद्यात याला प्रकाश 'बेक करणं' म्हणतात. आपल्याकडे त्याला याहून चांगला शब्द आहे. चकलीची भाजणी घरात आधीच भाजून, दळून ठेवलेली असली की दिवाळीच्या सकाळी फक्त भिजवायची आणि तळायची. धान्य भाजण्याची मेहनत संपत नाही, ती आधी कोणीतरी केलेली असते. खेळाचंही तसंच. तुमच्या घरचं यंत्र म्हातारं असलं तरी भाजणी तयार मिळाली तर तळण्यापुरतं बळ त्याच्यात असतं.

डूममध्ये आणखी एक सोय होती, तिच्याबद्दल मला विशेष ममत्व आहे. १९९५ च्या सुमारास दुकान बंद केल्यावर रात्री आम्ही दोघं-तिघं ३८६ वर तो खेळायचो. चित्र अडखळायला लागलं की मायनसचं बटण दाबायचं. खेळाची चौकट एकेक पायरी आकसत जायची आणि वेग वाढत जायचा. शेवटी पोस्टाच्या पाकिटाएवढ्या चौकटीत राक्षस मारत बसायचो, पण खेळ चालायचा. ज्याचं यंत्र कमजोर आहे त्यालाही आत घ्यायचं, हे बनवणाऱ्यानेच धरून ठेवलेलं होतं.

(त्याआधी अडचण नेमकी उलटी होती. सुरुवातीचे कित्येक खेळ मूळ पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झ वेगावर बेतलेले होते आणि नव्या यंत्रावर ते इतके सुसाट धावायचे की खेळता येत नसे. जुन्या कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण असे, त्याचं खरं काम यंत्र हळू करण्याचं.)

हळू चालणं आणि मुळीच न चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही क्वेकच्याच काळात स्पष्ट झालं. तेव्हा सायरिक्स नावाच्या कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर बाजारात होता. १३३ मेगाहर्ट्झवर चालणारी त्याची चिप १६६ च्या पेंटियमच्या तोडीची म्हणून विकली जाई आणि पत्रं, हिशेब, जुळणी अशा कामात ती त्या मोलाची होतीही. क्वेकमध्ये मात्र तिची दैना व्हायची. भिंतीवरचं चित्र तिरप्या कोनातून नीट दिसावं म्हणून भागाकार करावा लागतो. कारमॅक आणि मायकेल अॅब्रॅश यांनी तो दर सोळा पिक्सेलांना एकदाच करायचा असं ठरवलं, आणि पेंटियमचा दशांश गणिताचा भाग तो भागाकार करत असताना दुसऱ्या भागाने ते सोळा ठिपके रंगवून घ्यायचे, अशी जोडगाडी बसवली. सायरिक्सचा दशांश गणिताचा भाग कच्चा होता, त्याला ही जोडगाडी जमेना. चिप आदल्या दिवशी होती तशीच होती. एका खेळाने तिला मागच्या बाकावर नेऊन बसवलं. १९९७ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. त्याला कारणं पुष्कळ होती, सगळा दोष क्वेकच्या माथी मारणं बरोबर नाही.

हळू चालण्यावर उपाय असतो. प्रोसेसरला एखादी आज्ञाच कळत नसेल तर मायनसचं बटण कितीही दाबून उपयोग नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'नो मॅन्स स्काय' हा खेळ आला तेव्हा एएमडीचे जुने फिनॉम प्रोसेसर असलेल्या लोकांच्या पडद्यावर तो उघडताच बंद पडू लागला. त्यात एसएसई ४.१ या आज्ञासंचातल्या आज्ञा वापरल्या होत्या आणि फिनॉमला त्या येत नव्हत्या. ताकद पुरेशी होती, शब्द ओळखीचा नव्हता. बनवणाऱ्यांनी थोड्याच दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि तीच यंत्रं तो खेळ चालवू लागली. म्हणजे तो अडसर त्या यंत्रांच्या वयाचा नव्हताच.

आता माझ्या यंत्राकडे. २०१४ चा संगणक इतकी वर्षं का टिकला आणि मग दोन-तीन वर्षांत एकदम का कोसळला, याचं उत्तर मला संगणकात सापडलं नाही; ते टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यात, म्हणजे कन्सोलमध्ये सापडलं. सोनीचं प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं आणि ११ कोटींहून अधिक विकलं गेलं. त्याचा प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झचा, तेव्हाही मवाळच. मेमरी ८ जीबी, तीही प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत मिळून. आणि आत साधी फिरती हार्ड डिस्क. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडणार? त्यामुळे सात-आठ वर्षं बहुतेक सगळे मोठे खेळ या डब्यात मावतील असेच बनत राहिले, आणि जे त्यात मावत होतं ते माझ्या संगणकावरही थोड्याफार तडजोडीने चालत होतं. मी समजत होतो की यंत्र चांगलं निवडलं. खरं तर मी दुसऱ्याच्या सावलीत उभा होतो.

त्या काळात बनवणारे हार्ड डिस्कसाठी काय काय करत, याचा एक नमुना वाचून मी थक्क झालो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्याची सरासरी वाट त्याच्या निम्मी, शिवाय सुई सरकवायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास, त्याहून जास्त नाही. शहरातून वेगाने उडत जाणाऱ्या स्पायडरमॅनला हे कसं पुरणार? प्लेस्टेशनच्या रचनेचे प्रमुख मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या व्याख्यानात सांगितलं, की २०१८ च्या स्पायडरमॅनच्या खेळात काही वस्तूंची माहिती डिस्कवर चारशे-चारशे वेळा लिहून ठेवली होती. टपालपेटीसारखी रस्तोरस्ती दिसणारी वस्तू दर वेळी लांबून शोधून आणायला नको, म्हणून प्रत्येक मोहल्ल्याच्या गठ्ठ्यात तिची वेगळी प्रत. पुन्हा भाजणीच ही.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं. त्यात फिरती डिस्क नाही, सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी आहे. तरी दोनेक वर्षं मोठे खेळ दोन्ही डब्यांसाठी निघत राहिले. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' नोव्हेंबर २०२२ मध्ये जुन्या डब्यावरही आला. मग जुन्या डब्याला एकेकाने रामराम केला, आणि त्याच्या सावलीतले आम्ही सगळे एकदम उन्हात आलो. २०२३ मध्ये आलेल्या 'स्टारफील्ड' आणि 'बाल्डर्स गेट ३' या खेळांनी किमान गरजांतच एसएसडी लिहिली; दुसऱ्याची तर १५० जीबी. २०२० चा 'सायबरपंक २०७७' आधी साध्या डिस्कवर चालतो असं छापलेलं होतं. २०२३ मध्ये बनवणाऱ्यांनी साध्या डिस्कची हमी काढून घेतली. खेळ विकत घेतलेला, यंत्र तेच, आणि किमान गरजांची यादी मागाहून बदललेली.

यानंतरची पायरी जास्त गंभीर आहे. 'रे ट्रेसिंग' म्हणजे प्रकाशाचा किरण कुठून निघून कशावर आपटून डोळ्यात येतो याचा माग, तोही प्रत्येक फ्रेमला, खेळणाऱ्याच्या यंत्रावर. २०१८ पासून काही कार्डांत त्यासाठी खास भाग असतो. बरीच वर्षं हे ऐच्छिक होतं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ने ते सक्तीचं केलं. किमान कार्ड आरटीएक्स २०६० सुपर. २०१७ साली ६९९ डॉलरना निघालेलं जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड नेहमीच्या चित्रकामात या किमान कार्डाहून सरस आहे. तरी ते बाद, कारण त्याच्यात तो खास भाग नाही.

आणि मे २०२५ मध्ये 'डूम: द डार्क एजेस' आला, त्यातही तीच सक्ती. तीच कंपनी, तेच नाव. बनवणाऱ्यांनी कारण लपवलेलं नाही: प्रकाश आधी भाजून ठेवायचा तर एखादी भिंत हलवली तरी पुन्हा सगळं भाजावं लागतं, त्यात फार काळ जातो, किरणांचा हिशेब खेळतानाच झाला की तो काळ वाचतो. ते खरं आहे. कलाकारांचे ते तास मला क्षुल्लक वाटत नाहीत. पण वाचलेलं काम नाहीसं होत नाही. ते लाखो घरांतल्या कार्डांवर, लाखो वीजबिलांवर वाटलं जातं, आणि ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला ते विकत घ्यावं लागतं. भाजणी आता ज्याने त्याने घरी भाजायची आहे, आणि भट्टीही त्यानेच आणायची आहे.

यावर 'तंत्रज्ञान पुढे जायचंच' असं उत्तर मिळतं. मला ते पुरेसं वाटत नाही. फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा 'अॅलन वेक २' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा जीटीएक्स १० मालिकेची कार्डं त्यात धापा टाकत होती, कारण खेळ त्यांना नीट न येणाऱ्या एका नव्या चित्रपद्धतीवर उभा होता. मार्च २०२४ मध्ये कंपनीने त्या कार्डांसाठी वेगळं काम करून दुरुस्ती दिली आणि वेग बराच सुधारला. कार्डं तोवर पाच महिन्यांनी आणखी जुनी झाली होती.

मायनसच्या बटणाचंही पुढे काय झालं ते सांगायला हवं. चित्र लहान काढायचं आणि हुशारीने मोठं करून दाखवायचं, हे तंत्र आता सर्रास आहे. एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेलं एफएसआर जुन्या कार्डांवर, प्रतिस्पर्ध्याच्याही कार्डांवर चालतं. एनव्हिडियाचं डीएलएसएस जास्त सुबक, पण ते फक्त त्यांच्या आरटीएक्स कार्डांवर. म्हणजे काठी मिळणार ती ज्याचे पाय धड आहेत त्याला. त्यातही गंमत अशी की ही सोय आता गृहीत धरूनच खेळ बनू लागले. फेब्रुवारी २०२५ च्या 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'च्या गरजांच्या यादीत, शिफारस केलेल्या यंत्रावर ६० फ्रेम मिळतील त्या मधल्या फ्रेम यंत्राकडून अंदाजाने भरून घेतल्यावर, असं सरळ लिहिलेलं आहे. कमजोरांसाठी ठेवलेली सवलत अशी धडधाकटांच्या हिशेबात जमा झाली.

सुट्टीचे उरलेले दिवस भाचा आणि मी यंत्र उघडून बसलो. प्रोसेसरवरच्या पंख्यात अकरा वर्षांची धूळ होती आणि खालची पेस्ट वाळून खडू झाली होती. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. माझं यंत्र खऱ्या अर्थाने म्हातारं झालं होतं ते एवढंच, आणि ते एका दुपारच्या कामाचं निघालं. दुरुस्तीवाल्याकडून जुनी ८ जीबीची रॅम आणून दुसऱ्या खाचेत बसवली. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो, त्यामुळे नुसती जागाच नाही, वेगही वाढतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. एवढ्याचा खर्च नव्या कार्डाच्या किमतीच्या पावभागही झाला नाही.

कार्डाच्या २ जीबीपुढे मात्र हात टेकावे लागतात. अशा कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ८६ जीबीच्या आसपास देते. तिथे न मावलेलं चित्र संगणकाच्या रॅममधून आणायचं तर मधला रस्ता १६ जीबीचाच. म्हणून भिंती, कपडे, चेहरे यांचा तपशील सगळ्यात खाली नेला. चित्र १,२८० बाय ७२० चं काढायला सांगितलं, म्हणजे पूर्ण पडद्याच्या ४४ टक्के पिक्सेल, आणि एफएसआरने मोठं केलं. शेवटी वेगाला ३० फ्रेमांची मर्यादा घातली. भाच्याला हे पटेना. यंत्र मधूनमधून ४५ देत होतं. पण एक फ्रेम २० मिलिसेकंदांत आणि पुढची ४० मध्ये आली की डोळ्याला ठेच लागते. सगळ्या ३३ मध्ये आल्या तर लागत नाही. पाच मिनिटं खेळून त्याने ते मान्य केलं. माणसांचे चेहरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत दिसत होते आणि नदी पत्र्याची, पण दार माणसाबरोबर वळत होतं. त्या रात्री तो मित्रांना भेटला. दीड वाजेपर्यंत मला त्याचं हसणं ऐकू येत होतं.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. मित्र आता दुसऱ्या खेळात गेले होते, आणि त्याच्या किमान गरजांत रे ट्रेसिंगचं कार्ड होतं. "मामा, यात कमी करायला काहीच ठेवलेलं नाही हो," तो म्हणाला. मी यादी मागवून वाचली. खरोखरच काही नव्हतं.

शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि माझा २०१४ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज ७ आणि ८ वर असलेल्यांसाठी स्टीम हे गेमचं मोठं दुकान १ जानेवारी २०२४ पासून असंच बंद झालं होतं. मी लिनक्स घालून पाहतो आहे. स्टीमवाल्यांनीच २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजचे पुष्कळ खेळ त्यावर चालतात. पानं लावायच्या कामाचं काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही. दिवाळीला बहीण येणार आहे. कार्डाच्या किमतीचा कागद मी टेबलाच्या खणात काढून ठेवला आहे.